‘एकटीच?’ – शहर बघायला एकट्याने जाण्याबद्दल



दरवर्षी चौथीच्या मुलांना मी ‘मी केलेला प्रवास’ हा निबंध देते. तुम्हीही देत असाल. गेल्या वर्षी वह्या तपासताना एक गोष्ट लक्षात आली. मुंबईला जाऊन आलेल्या मुलांचे सगळे निबंध जवळजवळ सारखेच होते. रात्री गाडीत बसलो, सकाळी दादरला उतरलो, आत्याकडे गेलो, आत्याने चिकन केलं, मॉलमध्ये गेलो, परत आलो. एवढ्या मोठ्या शहरातून मुलं फक्त आत्याचं घर बघून आली होती.

वर्गात मी जरा चेष्टेनेच म्हटलं, “अरे, मुंबईत बघण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं का?” तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने सरळ विचारलं, “बाई, तुमी काय बघलात थंय?”

मी गप्पच झाले. मी तोवर आठ-दहा वेळा मुंबईला गेले असेन. बघितलं काय? नणंदेचं घर, वडिलांच्या आजारपणात परळचं हॉस्पिटल, लग्नाच्या वेळी दादरची साड्यांची दुकानं आणि एका परीक्षेचं केंद्र. म्हणजे माझा निबंधही मुलांसारखाच झाला असता. फक्त आत्याच्या जागी नणंद.

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की आपण शिक्षकांनी, आणि जमेल त्या प्रत्येक पालकाने, वर्षातून एकदा तरी एखादं शहर केवळ बघण्यासाठी म्हणून बघावं. रेल्वेने जावं आणि शक्यतो एकट्याने जावं. एकट्याने का, ते पुढे सांगते.

आपलं आणि शहराचं नातं

आपल्या सिंधुदुर्गाचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. आजीच्या पिढीत मालवणच्या बंदरातून बोटीने माणसं मुंबईला जायची. मग एसटी आली. मी शाळेत असताना कोकण रेल्वे आली. २६ जानेवारी १९९८ पासून हा सगळा मार्ग सुरू झाला. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर आणि वाटेत नव्वदहून अधिक बोगदे. या रेल्वेसाठी नाथ पै आणि मधू दंडवते यांच्यासारख्या आपल्या खासदारांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, हे आपण मुलांना सांगतो.

पण ही रेल्वे आपण वापरतो कशासाठी? नोकरीसाठी, उपचारासाठी, मुलाखतीसाठी, लग्नकार्यासाठी. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमान्यांना आणण्यासाठी. शहर म्हणजे पोट भरायला जाण्याची जागा, हेच आपल्या मनात पक्कं बसलंय. तिकडचे लोक मात्र आपल्याकडे बघायला येतात. सिंधुदुर्ग किल्ला बघतात, तारकर्लीला राहतात, रॉक गार्डनला सूर्यास्ताचे फोटो काढतात. त्यांनी आपलं गाव बघायचं आणि आपण त्यांच्या शहरात फक्त कामं उरकायची, असं का असावं? मुंबईतली संग्रहालयं, ग्रंथालयं, नाट्यगृहं ही आपलीही आहेत.

एका मुलीची गोष्ट

हे नुसतं हौसेचं बोलणं नाही. माझ्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी बारावी झाली. हुशार मुलगी. मुंबईत एका अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळत होता. फी परवडणारी होती, राहायची सोयही होण्यासारखी होती. घरच्यांनी पाठवलं नाही. मी समजवायला गेले तर तिचे वडील म्हणाले, “बाई, ती कधी कुडाळपर्यंत एकटी गेली नाय. मुंबईत काय करतली?”

वडिलांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं. घरी येताना वाटेत मात्र वाटलं, त्यांचं म्हणणं खरंच आहे की! ती कधीच एकटी गेली नव्हती. कोणी तिला पाठवलंच नव्हतं. आम्ही शाळेत तिच्याकडून प्रवासाचे निबंध लिहून घेतले, रेल्वेची गणितं सोडवून घेतली, पण एकटीने तिकीट काढून कुठे जाऊन येणं ही शिकण्याची गोष्ट आहे असं आमच्याही मनात कधी आलं नाही. आणि ते तिला शिकवणारी मी तरी कुठे एकटी गेले होते? चौतीस वर्षांची होईपर्यंत कामाशिवाय आणि सोबतीशिवाय मी जिल्ह्याबाहेर गेलेच नव्हते.

मी गेले ती गोष्ट

जानेवारीतला एक शनिवार ठरवला. एक किरकोळ रजा टाकली. घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न, “एकटीच? आणि थंय कोणाकडे रवतलंस?” मिस्टरांनी विचारलं, “काम काय आहे?” मी म्हटलं, “काम नाही, बघायला जातेय.” दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. आजारपण किंवा लग्न सांगितलं असतं तर कोणी काही विचारलंही नसतं. ‘बघायला’ हे कारण आपल्या घरांत कारण म्हणून धरलंच जात नाही, बाईच्या बाबतीत तर नाहीच.

तयारीतच पहिली चूक केली आणि ती तुम्हाला सांगायलाच हवी. परतीसाठी तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. (केशवसुतांच्या ‘तुतारी’ कवितेवरून या गाडीचं नाव ठेवलंय, हे मुलांना जरूर सांगा.) ही गाडी दादरहून मध्यरात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. मला शनिवारी रात्री निघायचं होतं म्हणून मी शनिवारची तारीख टाकली. पण ००:०५ म्हणजे शनिवार सुरू होऊन पाच मिनिटं झालेली असतात! मी जाताना कोकणकन्येत असताना माझी परतीची गाडी दादरहून सुटून गेली असती. कागदावर तासातासाचं नियोजन मांडायला बसले तेव्हा हे लक्षात आलं. चोवीस ताशी घड्याळ मी दहा वर्षं वर्गात शिकवतेय. तिकीट रद्द केलं, थोडे पैसे कापले गेले. रविवारच्या तारखेला तुतारीत जागा उरली नव्हती, म्हणून रविवारी सकाळची मांडवी घेतली आणि एका रात्रीची राहायची सोय बघितली.

शुक्रवारी संध्याकाळी मालवणहून चौके-धामापूरमार्गे एसटीने कुडाळ, आणि तिथून रात्रीची कोकणकन्या. पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले. महिलांच्या प्रतीक्षालयात तोंड धुतलं, चहा घेतला आणि बाहेर रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभी राहिले. उजाडत होतं. या स्टेशनातून मी कितीतरी वेळा बाहेर पडले असेन, पण मागे वळून बघितलं ते पहिल्यांदाच.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आराखडा केलेली ही इमारत १८७८ ते १८८८ या काळात बांधली गेली. २००४ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे. सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर पानं, फुलं, पक्षी, प्राणी कोरलेत. हे कोरीवकाम करण्यात तेव्हाच्या मुंबईच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या, विद्यार्थ्यांचा हात होता. हे आठवलं आणि मी एकेक प्राणी शोधत बसले. पाऊण तास गेला. सोबत कोणी असतं तर दहाव्या मिनिटाला ‘चला आता’ झालं असतं.

तिथून चालत फोर्टमध्ये गेले. शनिवारी सकाळी रस्ते मोकळे असतात. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून घरून नेलेल्या भाकऱ्या आणि चटणी खाल्ली. ही इमारत १८३३ सालची आहे. मग हुतात्मा चौकात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या १०६ हुतात्म्यांची संख्या आपण १ मे रोजी भाषणात सांगतो. शेजारीच फ्लोरा फाउंटन आहे, ते १८६४ मधलं. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार यांच्या पुतळ्यासमोर पाच मिनिटं उभी राहिले. आजूबाजूने बसगाड्या जात होत्या, कोणी थांबत नव्हतं. यंदाच्या महाराष्ट्र दिनाचं माझं भाषण मी तिथेच मनात तयार केलं.

सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेल्या या संग्रहालयाची कोनशिला १९०५ मध्ये बसवली आणि लोकांसाठी ते १९२२ मध्ये खुलं झालं. मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं आणि त्या वेळी या इमारतीत लष्करी रुग्णालय होतं. मी इथे साडेतीन तास होते. त्यातला अर्धा तास एकाच दगडापुढे. सोपारा इथे सापडलेला, सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा. सोपारा म्हणजे आजच्या वसई-विरार भागातलं नालासोपारा, आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचं जुनं बंदर. आपण परिसर अभ्यासात किनारपट्टी शिकवतो, बंदरं शिकवतो. दोन हजार वर्षांहून जुनी अक्षरं समोर दगडावर दिसत होती. ती ब्राह्मी लिपी आणि तिच्यातूनच पुढे आपली देवनागरी आली. मी वही काढली आणि पाच-सहा अक्षरं बघून बघून उतरवली. तिथल्या रखवालदाराने विचारलं, “मॅडम, कॉलेजच्या का?” मी म्हटलं, “नाही, चौथीच्या.” तो हसला आणि त्याने मला उजेड पडेल अशी जागा दाखवली.

माझ्या यादीत त्या दिवशी पाच ठिकाणं होती. झाली दोन-तीनच. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, गावदेवीचं मणिभवन पुढच्या खेपेला ठेवलं. मला वाईट वाटलं नाही. सगळं बघायचं म्हटलं की काहीच बघून होत नाही, हे सहलींतून शिकलेय.

संध्याकाळी दादरला शिवाजी मंदिरात नाटक बघितलं. एकटं असण्याचा इथे फायदा होतो. जोडीच्या खुर्च्या संपलेल्या असतात, पण मध्येच एखादी सुटी खुर्ची हमखास मिळते. आत बसल्यावर मच्छिंद्र कांबळींची आठवण झाली. ते आपल्या मालवणजवळच्या रेवंडीचे. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’चे पाच हजारांवर प्रयोग झाले आणि मालवणी बोली मुंबईच्या रंगभूमीवर मानाने उभी राहिली. आमच्या वर्गातली मुलं मालवणीत बोलली की आम्ही ‘शुद्ध बोल’ म्हणतो. त्या खुर्चीत बसून मला त्याचीच थोडी लाज वाटली.

रविवारी मांडवीने परत. जाताना रात्र होती म्हणून काही दिसलं नव्हतं, येताना सगळं कोकण खिडकीतून बघितलं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला आणि रत्नागिरीनंतर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल. खाली बघितलं तर झाडांचे शेंडे. मी लहानपणापासून या मार्गाचा अभिमान बाळगते, पण उजेडात तो नीट कधी बघितला नव्हता.

एकट्यानेच का?

कुटुंबासोबत जायलाच हवं, त्यातली मजा वेगळी. पण तेव्हा आपण कोणाची तरी आई, बाबा, सून असतो. कोणाला भूक लागली, कोणाला झोप आली, कोणाला कंटाळा आला, याच्याकडे लक्ष असतं. शाळेच्या सहलीत तर विचारूच नका. चाळीस मुलांना घेऊन एखाद्या किल्ल्यावर गेलं की मी फक्त डोकी मोजते. किल्ला बघतो तो गाईड आणि मुलं. बाई बघतात एकोणचाळीस की चाळीस!

एकटं गेलं की दोन गोष्टी होतात. पहिली, जे आवडेल त्याच्यापुढे हवा तेवढा वेळ थांबता येतं. दुसरी, प्रत्येक गोष्ट स्वतः विचारावी लागते. फलाट कुठला, लोकल कुठली, बाहेर पडायचं कुठून. मला सकाळी दोनदा रस्ता चुकला. चुकलं की विचारायचं, मग सापडतं. आपण मुलांना रोज सांगतो, ‘चुकलं तरी चालेल, विचार’. ते स्वतः करून बघायची वेळ आपल्यावर फार कमी येते.

मराठीत एकटीने फिरणाऱ्या बाईचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. मीना प्रभूंनी ‘माझं लंडन’पासून कितीतरी देशांवर पुस्तकं लिहिली आणि त्यातले बरेच प्रवास त्यांनी एकटीने केले. त्यांची पुस्तकं आपल्या वाचनालयांतून मागणी असलेली पुस्तकं आहेत. वाचताना आपल्याला कौतुक वाटतं. घरातली कोणी निघाली की मात्र ‘एकटीच?’

भीतीचं काय?

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जाताना डब्यात एक गृहस्थ पुन्हापुन्हा ‘एकट्याच का? कुठे उतरणार?’ असं विचारत होते. मी ‘स्टेशनवर घ्यायला येणार आहेत’ असं सांगितलं, समोरच्या बाकावरच्या कुटुंबाशी बोलायला लागले आणि तो विषय तिथे संपला. पण रात्री झोप उशिरा लागली. हे लिहिते कारण एकटीने जाताना असं घडू शकतं आणि त्याची तयारी हवी. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ मोबाईलमध्ये ठेवा. एकट्या प्रवास करणाऱ्या महिलांसाठी रेल्वे सुरक्षा दलाचा ‘मेरी सहेली’ उपक्रम २०२० पासून आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्लीपरला महिलांसाठी वेगळा कोटाही असतो, आरक्षण करताना तो बघा.

पैशांचं म्हणाल तर माझं जाण्यायेण्याचं स्लीपरचं तिकीट, महिलांच्या वसतिगृहातली एक रात्र, संग्रहालय, नाटक, जेवण असं सगळं मिळून अडीच हजारांच्या आत बसलं. ही रक्कम लहान नाही, प्रत्येकाला जमेलच असं नाही. पण वर्षातून एक साडी कमी घेतली तर जमू शकतं. आणि तेही नको असेल तर जवळचं शहर आहेच, ते खाली लिहिलंय.

नियोजन करताना

माझ्या चुकांवरून थोडं सांगते:

१. आरक्षण गाडी सुटण्याच्या ६० दिवस आधी खुलं होतं. (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं.) गणपती, दिवाळी आणि मे महिना सोडून तारीख निवडा. तेव्हा जागा मिळत नाही आणि शहरही बघून होत नाही.

२. रात्री बारानंतर सुटणाऱ्या गाडीची तारीख दोनदा तपासा. माझी गोष्ट आठवा.

३. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात. त्या काळात जाणार असाल तर नवीन वेळा बघूनच एसटी ठरवा.

४. कुठलं ठिकाण कोणत्या वारी बंद ते आधी बघा. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि शेजारची राणीची बाग बुधवारी बंद असतात.

५. एका दिवसात दोन ठिकाणं नक्की करा, तिसरं वेळ उरला तर. दोन्ही शक्यतो चालत जाण्याच्या अंतरावर असावीत. सकाळी आठ ते अकरा या वेळेत लोकलच्या गर्दीत शिरू नका.

६. नातेवाइकांकडे उतरायचं की नाही हे आधी ठरवा. त्यांचं प्रेम असतं, पण जेवणाच्या आग्रहात अर्धा दिवस जातो. त्यांना रविवारी तासभर भेटा, तेही खूश आणि आपणही.

७. एक वही न्या. मोबाईलमधले फोटो आपण परत बघत नाही. वहीत उतरवलेलं लक्षात राहतं.

जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला जात असाल तर काळाघोडा महोत्सवाच्या तारखा बघा. १९९९ पासून तो भरतो आणि संग्रहालयाच्या परिसरातच असतो.

पहिल्यांदाच मुंबई नको वाटत असेल तर रत्नागिरी करा. सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान, ब्रह्मदेशच्या राजाला नजरकैदेत ठेवलं तो थिबा राजवाडा आणि १९३१ चं पतितपावन मंदिर, तिन्ही एका दिवसात होतात. दक्षिणेकडे जायचं असेल तर करमळी स्टेशनवर उतरलं की जुनं गोवं जवळ आहे. तिथली चर्च १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि पुरातत्त्व संग्रहालयही आहे.

पालकांना विनंती

मुलांना एकदम एकटं पाठवा असं मी म्हणत नाही. पायरीपायरीने शिकवा. तिसरी-चौथीच्या मुलाला वेळापत्रक वाचायला द्या, ‘आपली गाडी किती वाजता, किती तासांचा प्रवास’ हे त्याला काढू द्या. सहावी-सातवीत कुटुंबाच्या एका सहलीचं नियोजन त्याच्याकडे द्या. चुकलं तर चुकू द्या. दहावीनंतर तालुक्याच्या गावी एकट्याने एसटीने जाऊन काम करून येऊ द्या. बारावीनंतर जवळचं एक शहर, सकाळी जाऊन रात्री परत. आणि हे सगळं मुलगा-मुलगी दोघांनाही. मुलाला आपण आठवीतच बाजारात पाठवतो. मुलगी बारावी झाली तरी तिच्यासोबत भाऊ असतो, तोही तिच्याहून लहान!

शिक्षकांना विनंती एवढीच की आधी आपण जाऊ या. मी परत आले त्या आठवड्यात वहीतली ब्राह्मी अक्षरं फळ्यावर काढली आणि ती कुठल्या दगडावरची, तो दगड कुठल्या बंदरातला ते सांगितलं. मुलांनी विचारलेले प्रश्न पुस्तकातल्या कुठल्याच स्वाध्यायात नव्हते. ‘बाई, तो दगड किती उंच हा?’, ‘हात लावूक देतत?’, ‘आपल्या किल्ल्यावर असा लिवलेला हा?’ पुढच्या शनिवारी पाच-सहा मुलं पालकांना घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेली. किल्ला त्यांना रोज किनाऱ्यावरून दिसतो, पण तीन मुलं आत पहिल्यांदाच गेली होती.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. ती आता जिल्ह्यातल्याच कॉलेजात शिकते. गेलेला प्रवेश काही परत आला नाही. मागच्या महिन्यात ती आणि तिचे वडील घरी आले होते. रत्नागिरीला जायची गाडी कुठली बरी, ते विचारायला. वडील आधी म्हणाले, “मी येतंय तिच्यावांगडा.” मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “नको, मी कुडाळ स्टेशनार सोडतंय आणि रातच्याक न्यायला येतंय.”

ती जाऊन आली. दुपारी थिबा राजवाड्याच्या आवारातून तिने मला फोन केला. पाच मिनिटं बोलली. शेवटी म्हणाली, “बाई, दोनदा रस्तो चुकलंय.” मी म्हटलं, “मीसुद्धा.”